तार देवानं बांधली नव्हती

लाँड्रीत तिला सगळे 'कांजी' म्हणायचे. तोंडावर कोणाची हिंमत नव्हती, सगळं पाठीमागे; पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. मान ताठ, चाल ताठ आणि बोलणं त्याहून ताठ. चादरीला कांजी जरा जास्त झाली की ती हातात कडकड वाजते ना, तशी ही बाई बोलताना वाजायची.

लाँड्री म्हटलं की कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान डोळ्यांपुढे येतं. ही तसली नव्हती. ही होती पत्र्याची लांबलचक शेड. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ट्रक भरभरून यायच्या. एका टोकाला मळक्या चादरींचे ढीग, मग मोठाली धुण्याची मशीनं, मग गरम रोलर आणि शेवटी घड्या घालायची टेबलं. आत शिरलं की वाफेनं चष्मा धुरकट व्हायचा आणि कपाळावरचे केस चिकटायचे. वडील अचानक गेले तेव्हा कांजी शाळेत होती. वह्या-पुस्तकं बाजूला पडली आणि ती या वाफेत आली ती आलीच. आई घरी शिवणकाम करायची. धाकट्या बहिणीची वेणी घालण्यापासून दांडी मारली म्हणून तिचा कान पिळण्यापर्यंत आईपणाचं सगळं खातं कांजीकडे होतं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "आधी हिचं होऊ दे." पुढे पुढे तो विषय निघायचाही बंद झाला.

धाकटी म्हणजे अगदी दुसरं टोक. मऊ, हसरी आणि कायम काहीतरी गुणगुणणारी. रविवारी चर्चच्या गायनात ती पुढे उभी राहायची आणि कांजी मागच्या बाकावर बसून तिचाच आवाज शोधायची. शाळा संपल्यावर धाकटीला लाँड्रीत चिकटवलं तेही कांजीनंच. धाकटीला रोलरवर उभं केलं. ओली चादर तिथल्या दोन बायकांनी दोन टोकांना धरून गरम रोलरच्या तोंडाशी लावायची आणि ती आत ओढली गेली की पुढची उचलायची. दिवसभर हेच. धाकटी तेही गुणगुणत करायची.

लाँड्रीचा मालक त्यांच्याच चर्चमध्ये यायचा. यायचा म्हणजे काय, पहिल्या बाकावर बसायचा. मंडळीच्या कारभारात त्याच्या शब्दाला वजन होतं. माईक त्यानं दिलेला, फाटकावरची कमान त्यानं बांधून दिलेली. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा त्याच्या आईवडिलांची नावं रंगवलेली होती. पंखा बंद असला की ती वाचता यायची, त्यामुळे थंडीत मंडळींना त्यांची फार आठवण व्हायची. मालक बायबलमधलं शास्त्रवाचन मात्र सुंदर करायचा. आवाजात असा ओलावा आणायचा की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या.

आता त्या रोलरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी असते. काम करणाऱ्याचा हात चुकून पुढे गेला, तर तो आधी पट्टीला लागतो आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. पण पट्टीला हात काय नि चादर काय, सगळं सारखंच. ओल्या चादरीचा बोळा लागला तरी मशीन थांबायचं. मग ते पुन्हा सुरू करा, रोलर तापायची वाट बघा, तोवर बाहेर ट्रक उभे. सुपरवायझर कावून जायचा. त्याला लोक 'चलाचला' म्हणायचे, कारण दिवसभर त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसायचा. एके दिवशी चलाचलानं ती पट्टी वर उचलली आणि तारेनं घट्ट बांधून टाकली. मशीन थांबायचं थांबलं.

कांजीनं त्याला तिथल्या तिथे विचारलं होतं, हे काय केलंत म्हणून. तो म्हणाला, वरून सांगितलंय. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला की तुम्हाला बहिणीची एवढी काळजी असेल, तर दोघींनी घरी बसा. त्यावर ती गप्प बसली. सगळेच गप्प बसले. मग त्या तारेची डोळ्यांना सवय झाली आणि ती दिसेनाशीच झाली.

तो दिवस सकाळपासून गडबडीचा होता. कांजी शेडच्या दुसऱ्या टोकाला हाताच्या इस्त्रीवर होती. किंकाळी ऐकल्याचं तिला आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच की धाकटीचं गुणगुणणं मध्येच तुटलं. तिनं मान वर केली तेव्हा रोलरपाशी माणसं धावत होती आणि घड्यांच्या टेबलावरची, सगळ्यांची घडीवाली मावशी मेन स्विचकडे पळत होती. चादरीची ओली किनार धाकटीच्या बोटांभोवती गुंडाळली गेली होती आणि चादरीबरोबर तिचा उजवा हातही आत गेला होता.

हात वाचला नाही. मनगटाच्या वरून काढावा लागला.

हॉस्पिटलात धाकटी औषधांच्या गुंगीत पडून होती आणि कांजी शेजारच्या स्टुलावर. पलंगावरच्या चादरीच्या कोपऱ्यावर लाँड्रीचा शिक्का होता. तिच्याच लाँड्रीचा. ही चादर कदाचित त्याच रोलरमधून निघाली असेल, कदाचित धाकटीनंच तिचं एक टोक धरलं असेल. हे लक्षात आलं आणि कांजीच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिनं तो कोपरा गादीखाली खुपसून टाकला. पण कितीही खुपसला तरी बहीण त्याच चादरीवर होती.

आणि त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. जो तो काहीतरी समजावायला आलेला. कोणी म्हणे, देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. कोणी म्हणे, हातावर निभावलं, जिवावर बेतलं नाही, आभार माना. लांबच्या नात्यातल्या एका काकूनं तर, यामागे देवाची काहीतरी सुंदर योजना असणार, असं सांगितलं आणि सांगताना धाकटीसाठी आणलेलं सफरचंद स्वतःच कापून खाल्लं. कांजी ऐकत राहिली. एरवी तिनं एकेकाला सोलून काढलं असतं, पण आता तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. प्रार्थनाही होत नव्हती. डोळे मिटले की मनात एकच यायचं, हे तू केलंस? माझ्या पोरीचा हात तुला हवा होता? ज्यानं असं केलं त्याच्याशी बोलायचं तरी काय? लहानपणापासून ज्याला रोज हाक मारली तो एकाएकी मालकासारखा वाटायला लागला. पहिल्या बाकावरचा, गोड आवाजाचा.

तिकडे लाँड्रीत भलताच खेळ झाला. सरकारी तपासनीस आला तोवर तार गायब होती. पट्टी जागेवर होती, वर ताजा पिवळा रंगही फासलेला. मुलगी गाण्याच्या नादात होती, लक्ष नव्हतं, असं मालकानं सांगितलं. पट्टी पहिल्यापासून अशीच आहे, असं चलाचलानं सांगितलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तपासनीस चहा पिऊन गेला. हे सगळं घडीवाल्या मावशीनं हॉस्पिटलच्या दारात उभं राहून कांजीला सांगितलं, आणि सांगताना तिच्याकडे बघितलं नाही, कारण मावशीचीही मान त्या मानांमध्ये होती.

"गाण्याच्या नादात" हे शब्द कांजीच्या डोक्यात घणासारखे बसत राहिले. पोरीचा हात घेतला तो घेतला, आता तिचं गाणंही गुन्हा ठरवायला निघालेत.

त्याच दुपारी चर्चचे पाळकसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. वडिलांच्या वेळी तेच धावून आले होते, आईला त्यांनीच धीर दिला होता. पण चर्चचं छप्पर गळत होतं आणि मालकाच्या मनात असेल तेव्हाच ते गळायचं थांबणार होतं. ते पलंगाशी बसले, त्यांनी धाकटीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली. मग कांजीकडे वळून हळू आवाजात म्हणाले की मालकांनाही फार वाईट वाटतंय. मनात कडवटपणा धरू नकोस. देवाच्या इच्छेशिवाय काही घडत नाही, त्याची इच्छा आहे असं मानून हे स्वीकारलंस, तर तुला शांती मिळेल.

इतके दिवस अडकलेला आवाज तेव्हा फुटला. मोठ्यानं नाही, पण शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

"पाळकसाहेब, तार देवानं बांधली नव्हती. चलाचलानं बांधली, मालकानं सांगितलं म्हणून. दोघंही मला माहीत आहेत, पत्त्यासकट माहीत आहेत. त्यांची लाज झाकायला देवाला मध्ये घालू नका."

पाळकांचा चेहरा पडला. ते काहीतरी पुटपुटले आणि थोड्या वेळानं उठून गेले.

कांजी बाहेर आली आणि जिन्याच्या वळणावर, पायरीवर बसली. खालून वर माणसं जात होती, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात एक्सरे. आपण काय बोललो हे तिला आत्ता ऐकू येत होतं. तार देवानं बांधली नव्हती. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलेलं वाक्य, पण ते खरं होतं. मग इतके दिवस ती कोणावर दात धरून बसली होती? ज्यानं काही केलंच नव्हतं त्याच्यावर. आणि ज्यांनी केलं ते पट्टीला रंग फासून मोकळे झाले होते.

तिला वधस्तंभावरचे हात आठवले. लहानपणापासून भिंतीवर पाहिलेले, पाहून पाहून न दिसणारे. तेही हात माणसांनीच फोडले होते. तिथेही कोणीतरी वरून सांगितलं होतं, खालच्यांनी खिळे मारले होते, आणि सगळ्यांत वर जो रोमी सुभेदार होता त्यानं, माझा यात दोष नाही म्हणत, भर लोकांसमोर पाण्यानं स्वतःचे हात धुतले होते. म्हणजे येशूला हे सगळं ठाऊक होतं. वरून आलेला हुकूमही ठाऊक, गप्प बसणारी माणसंही ठाऊक, आणि हात जाणं म्हणजे काय हेही. तो मालकाच्या बाकावर नव्हताच. तो आत पलंगावर धाकटीच्या शेजारी होता.

काही दिव्यबिव्य दिसलं नाही तिला. राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण इतके दिवस तो तिला आतून खात होता, आता तो तिच्या हातात आला. तिनं तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांमध्ये बसून, पुन्हा प्रार्थना केली. "तू केलं नाहीस. मग आता माझ्या बाजूनं उभा राहा," एवढीच. मग तिनं तोंड धुतलं, आत गेली आणि सिस्टरकडून दुसरी चादर मागून घेतली. तिच्यावरही तोच शिक्का होता. या वेळी तिनं तो लपवला नाही.

धाकटी घरी आली. डाव्या हातानं केस विंचरायला शिकली, बटणं लावायला शिकली, आणि एकदा भांडं हातातून निसटल्यावर आईला मिठी मारून रडलीही. पण तिचा स्वभाव तोच राहिला. कांजी मालकाला शिव्या घालायला लागली की ती म्हणायची, ताई, पुरे. कांजी म्हणायची, पुरे कसं, अजून सुरुवातही नाही केली.

काही दिवसांनी मालकाचा निरोप आला, पाळकांच्याच तोंडून. येत्या रविवारी चर्चमध्ये खास उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना, ठेवायची आहे. मालक स्वतः धाकटीला कृत्रिम हात भेट देणार. फोटोवाला येणार. धाकटीनं माईकवरून फक्त चार शब्द बोलायचे, मला शांती मिळाली, माझ्या मनात कोणाविषयी काही नाही. पाळक हे सांगत होते आणि सतरंजीचा दोरा उपसत होते. कांजीनं तो दोरा त्यांच्या बोटांतून काढून घेतला. ती म्हणाली की पोरीचा हात घेऊन वर तिच्याच तोंडून पावती हवी का त्यांना? आई घाबरून तिला खुणा करत होती, कारण कांजीची नोकरी अजून त्याच शेडमध्ये होती.

धाकटी मात्र म्हणाली, "मी येईन."

पाळक गेल्यावर कांजीनं तिला फैलावर घेतलं. तुला मान नाही का, तुला राग येत नाही का, असं बरंच काही बोलली. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येतो ना राग. पण मला क्षमाही करायची आहे, ताई. इतक्या दिवसांत माझ्याकडे ती कोणी मागितलीच नाही. न मागितलेली क्षमा मी कोणाच्या हातात ठेवू?" कांजीला पहिल्यांदाच वाटलं की वेणी घालता घालता ही पोर आपल्याही पुढे निघून गेली.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. लाँड्रीतली माणसंही आली होती, कोणी मनानं, कोणी बोलावल्यामुळे. मालकानं शास्त्र वाचलं, नेहमीच्याच ओल्या आवाजात. कांजी मागच्या बाकावर मुठी आवळून बसली होती. धाकटी गप्प राहिली किंवा रडायला लागली तर आपण उठायचं आणि सगळं भडाभडा बोलून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते, आणि ते चर्चमध्ये बोलण्यासारखे नव्हते.

मखमलीच्या पेटीतून तो हात बाहेर निघाला. गोरापान, कोणाच्याच कातडीशी न जुळणारा. फोटोवाला पुढे सरसावला. मालकानं धाकटीच्या तोंडापुढे माईक धरला.

"साहेब, मी क्षमा करायला तयार आहे," धाकटी म्हणाली. आवाज लहान, पण गाणाऱ्या मुलीचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "मशीनची पट्टी तारेनं बांधायला कोणी सांगितलं, एवढं तुम्ही इथे सगळ्यांसमोर सांगा आणि माफी मागा. मी लगेच देईन. मुळीच उशीर लावणार नाही."

मालक हसला. ही ती जागा नव्हे, मुलगी अजून धक्क्यात आहे, असं काहीसं म्हणाला आणि माईक पाळकांकडे सरकवला. पाळकांनी घाईघाईनं गीताचा क्रमांक सांगितला. पण ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी पट्ट्यांवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. गीत सुरूच झालं नाही.

तेव्हा घडीवाली मावशी उठली. तिचे गुडघे दुखायचे, उठायला तिला पुढच्या बाकाचा आधार घ्यावा लागला. ती म्हणाली, "तार मी बघितली होती. रोज बघत होते. तपासणीचे साहेब आले तेव्हा मी मान खाली घातली." आणि ती उभीच राहिली. मग तिच्या मागची एक उठली. मग धुण्याच्या मशीनवरचे दोघं. सगळे नाही उठले, हेही सांगायला हवं. बरेच जण बाकाला चिकटून राहिले, त्यांच्यातले काही घरी चूल पेटायची आहे म्हणून, आणि काही केवळ सवय म्हणून. कांजीही उठली. तिनं जुळवलेले शब्द तिच्या तोंडातच राहिले. ती नुसती उभी राहिली, रागावलेलीच आणि तरीही आतून इतकी शांत, की तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढे तपासनीस पुन्हा आला, या वेळी न सांगता. मावशी बोलली, बाकीचेही बोलले. धाकटीची चूक नव्हती असं ठरलं आणि भरपाई मिळाली. इथे सगळं छान झालं असं सांगायला कोणालाही आवडेल, पण तसं झालं नाही. मालकानं सगळं खापर चलाचलावर फोडलं आणि त्याला काढून टाकलं. स्वतः तो दुसऱ्या चर्चमध्ये जायला लागला. तिथेही त्याला पहिला बाक मिळाला, असं ऐकलं. कांजीला 'काम कमी आहे' असं सांगून घरी बसवलं. ती महिनाभर धुमसत होती, मग दुसऱ्या लाँड्रीत लागली. शेजारणी म्हणायच्या, तू तरी त्या चर्चमध्ये अजून कशी जातेस? ती म्हणायची, "चर्च काय मालकाच्या बापाचं आहे? येशूच्या बापाचं आहे."

पाळकांच्यात थोडा फरक पडला. छप्पर अजून गळतं, तिथे बादली ठेवलेली असते. पण हॉस्पिटलात कोणाला भेटायला गेले की ते आता देवाच्या इच्छेबद्दल बोलत नाहीत. आधी विचारतात, काय झालं, कसं झालं, आणि मग बराच वेळ ऐकत बसतात. धाकटी रविवारी लहान मुलांना गाणी शिकवते. तो गोरा हात कपाटावर पडून आहे, ती तो लावत नाही.

एका संध्याकाळी दारात चलाचला उभा. अंगानं निम्मा झालेला. आत येईना, बसेना. म्हणाला, वरून सांगितलं होतं हे खरं, पण बांधली माझ्याच हातांनी. मला झोप येत नाही. धाकटीनं त्याला पुढे बोलूही दिलं नाही. क्षमा केली म्हणाली, डाव्या हातानं त्याचा हात धरून त्याला आत घेतलं आणि खुर्ची दिली. तो लहान मुलासारखा रडला. आईही रडली.

कांजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, पण विचारल्यासारखंच ते पाहणं होतं.

"माझं अजून व्हायचंय," ती म्हणाली. "खोटं बोलणार नाही." आणि चहा टाकायला आत गेली.

आजही ती चलाचलासाठी रोज प्रार्थना करते. दातओठ खाऊन करते, पण करते. मालकाचं नाव मात्र अजून तिच्या ओठांवर येत नाही. तिथवर आली की ती थांबते आणि सरळ देवाला सांगते, याचं तूच बघ, मला इतक्यात जमणार नाही. आणि मग दिवा मालवून शांत झोपते.